तुकडेवाल्या काकू

काकू कुठल्याही ऑफिसात शिरल्या की आधी फरशीकडे बघायच्या, मग माणसांकडे. मूळच्या त्या अवसरी बुद्रुकच्या, शिवणकाम करणाऱ्या. पुढे गालिच्याचे चौकोनी तुकडे, म्हणजे कार्पेट टाइल, बसवायला लागल्या आणि आळेफाट्यापासून मंचरपर्यंत तुकडेवाल्या काकू झाल्या.

आमची ओळख एका भांडणामुळे झाली. आळेफाट्यावर माझा कॉम्प्युटर क्लास पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली दातांचे डॉक्टर. वर मुलींनी खुर्च्या सरकवल्या की खाली तोंड उघडून बसलेला पेशंट दचकायचा. डॉक्टरांनी तक्रार केली आणि मालकांनी मला महिनाअखेर जागा रिकामी करायला सांगितली. तेव्हा कुणीतरी काकूंचा नंबर दिला.

रविवारी त्या स्कूटीवर खोकी बांधून हजर. मी म्हटलं, "सरळ अख्खा गालिचाच टाकू की."

"आन् त्यावर चहा सांडला मंग? समदा उचलाल व्हय? ह्यातला डागाळला तेवढाच काढायचा. उद्या जागा बदलली तरी गोळा करून संगं न्यायचं."

कापडाला तोंड असतं, असं त्या म्हणत. प्रत्येक तुकड्यावरून तळहात फिरवून लव कुठे झुकते ते बघायचं, मगच तो ठेवायचा. संध्याकाळी त्यांनी मला खुर्च्या ओढायला लावल्या आणि स्वतः खाली बंद दवाखान्याच्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. "लई बेस! काय बी ऐकू येत न्हाई!" जिन्यातूनच ओरडल्या. जागा वाचली.

पुढे एकदा एका तुकड्यावर प्रिंटरची शाई सांडली. मी घाबरून फोन केला, तर म्हणाल्या, "तुमीच काढा की. जादाचे आठ तुकडे कशाला ठेवलेत?" फोनवर सांगत सांगत त्यांनी माझ्याकडून तो बदलून घेतला. मला इतका आनंद झाला, की शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवला.

मागच्या वर्षी त्यांचाच फोन आला. बेल्ह्यातल्या एका दवाखान्याचं काम घेतलं होतं आणि गुडघे वाकत नव्हते. मी क्लासला सुट्टी देऊन गेले. दिवसभर काकू खुर्चीत बसून सांगत होत्या आणि मी बसवत होते. काकूंचं ते शेवटचं काम.

निघताना काउंटरवरच्या बाईंनी डायरी उघडली. "परत लागलं तर कुणाला बोलवायचं? कारागीर कोण?"

"ह्या," काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "मी निस्ती सोबतीला आलेय."

मी काही बोलायच्या आत त्या पाठ फिरवून दारात चपला शोधायला लागल्या.