कुलपाआडची शेजारीण

त्या संक्रांतीले सिंदी मेघेत माह्या ओट्यावर आम्ही पाच जणी होतो. मी, माही जाऊ शांता, शिवणकामवाली वनिता, कोपऱ्यावरची मास्तरीण अन् ती. तिचं नाव नाई सांगत. समोरच्या किराणावाल्याची बायको.

"तुम्ही बसा काकू, मी आलीच," असं ती त्याआधी दरवेळी बोलावल्यावर म्हणे. पण येत नव्हती.

तिच्या सासूचं डोकं गेलतं. जेवली तरी म्हणे, जेवाले नाई देलं. फाटक उघडं दिसलं का नाचणगावले माहेरी निघे. एकडाव पार मोठ्या रोडपर्यंत गेलती. तवापासून सुनेनं फाटकाले आतून कुलूप लावलं. सासू आत, तं सूनही आत. नवरा दिवसभर दुकानात. नणंद दिवाळीले दोन दिवस ये अन् म्हणे, "आई तं चांगली आहे, वहिनीच काऊन सुकली?"

चार वर्षं ती हळदीकुंकवाले आली नाई. म्हणून त्या वर्षी घरोघरी कुंकू लावून बोलावणं करताना मी तिचं घर सोडलं. येत तं नाई, काऊन जावं? ती फाटकामागून पाहून राह्यली होती. हळूच बोलली, "माह्या कपाळावर जागा नाई राह्यली का, काकू?"

मी परतली. सळईतून हात घालून कुंकू लावलं. तिनं माहं मनगट धरलं, ते सोडेच ना. मी नेहमीसारखं विचारलं, सासू कशी आहे.

"सारे तेच विचारते," ती म्हणाली. "मी कशी आहे, हे चार वर्षात कोणी नाई विचारलं."

मी म्हटलं, कुलूप खोल, तुह्या सासूपाशी मी बसतो. तू जा माह्या घरी, शांता आहे तिथं.

सासूनं मले चारदा विचारलं, तू कोण. तीनदा सांगितलं, समोरची. चौथ्यांदा म्हातारीच म्हणे, "समोरची लय भांडखोर आहे."

तास झाला तरी सून येईना, म्हणून म्हातारीचा हात धरून तिले माह्या ओट्यावर आणली. पाहतो तं सून भिंतीले टेकून बसल्या बसल्या झोपलती. वाण तसंच मांडीवर. बाकीच्या तिले पाहून हासत होत्या. म्हातारीनं तिले निरखून पाह्यलं.

"उठवू नोका," म्हणाली. "कोणाची तं लेक आहे. थकली असन."

त्या दिवशी ठरवलं, दर बुधवारी एकीनं जाऊन बसाचं. चार बुधवार बसलो. मंग कोणाचे पाहुणे आले, कोणाचं लगन निघालं, माहे गुडघे दुखाले लागले. तिनं कधी आठवण नाई देली. म्हातारी त्यानंतर सहा वर्षं जगली. सहाही वर्षं कुलूप होतं. म्हातारी गेल्यावर सून हिंगणघाटले आपल्या लेकीकडे गेली, वापस आली नाई.

वाचणाऱ्यानं एवढं करजा. गल्लीत असं घर असन तं जा. बिमाराले विचारा, अन् सांभाळणारीलेही विचारा. नुसतं विचारून येऊ नोका. तासभर बसा, अन् पुढच्या आठवड्यातही जा.