मांडवात बसेल अशी गिटार

पेडल स्टील गिटार घ्यायची हे माझं पक्कं ठरलं होतं. प्रश्न एवढाच होता, की दोनातली कोणती. एक बोईसरला होती, दुसरी पालघरला. बायको म्हणाली, "पोरगी बघायला निघाल्यासारखे नटून चाललाव. पसंत पडली की कलवा, म्हंजे मी माहेरी जाते."

मी तारापूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला फिटर आहे आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो पार्टीत हवाइयन गिटार वाजवतो. हवाइयन मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. पेडल स्टील टेबलासारखी चार पायांवर उभी असते. खाली पायाने दाबायची पेडलं आणि गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या असतात. कांडी सरकवली की सगळ्याच तारा वर जातात. पेडल दाबलं की एखादीच तार चढते, बाकीच्या आपल्या जागी राहतात. मोबाइलवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझी आई अशीच गायची. जोडीदारीण एक सूर धरून बसायची आणि आई त्याच्या जवळून हळूच वर निघायची.

आई धवलारीण. आमच्या किनाऱ्यावरच्या लग्नात हळदीपासून धवले लागतात, ते गाणारी बाई. प्रत्येक विधीचा धवला वेगळा. त्यात देवांना बोलवायचं, आणि नवरीचं नाव घ्यायचं. भटजीला उशीर झाला तर चालतं, धवलारणीला नाही. पण मागे तिचं गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती कुजबूज. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे बघा. बरोबर आहे, पण ते त्यांनी आईला सांगायचं होतं.

त्यानंतर ती लग्नघरी जायची बंद झाली. बोलावणं आलं की तिचे गुडघे दुखायला लागायचे. आता तर माझ्या भाचीचंच, म्हणजे तिच्या सख्ख्या नातीचं लग्न चिंचणीला ठरलं होतं आणि ही बया म्हणत होती, "मुकी धवलारीन मांडवात बसवून लोकांना काय दाखवायचंय?" बहीण रडली, भाचीने अबोला धरला, काही उपयोग नाही. मला वाटलं, तिचे सूर कोणीतरी वाजवले तर ती निदान ऐकायला तरी येईल. तेवढ्यासाठी ही खरेदी.

बोईसरची गिटार एका बंगाली साहेबांची होती. मुलाने परदेशातून आणलेली. आता त्यांची बदली झाली म्हणून विकायची. काळीभोर, आरशासारखी चकचकीत, गुडघ्याच्या पट्ट्या इतक्या की मला गुडघे कमी पडले असते. मी आधी एकदा बघून आलो होतो आणि मनातून ठरवूनही टाकलं होतं. आईला स्कूटरवर मागे बसवून नेलं ते फक्त शेवटचा शिक्का मारायला.

साहेब फार सज्जन. आईला म्हणाले, "आंटी, कुर्सी पे बैठिए ना." मला म्हणाले, "जूते पहन लीजिए, नहीं तो पेडल चुभेगा." मी दारात काढलेले बूट आणायला वळलो, तर आईने माझी बाही धरली.

"हा काय बोलतो?" तिने कुजबुजत विचारलं.

"बूट घालून वाजवतात ही."

"मांडवात? देवापुढं? तुज्या बापानं तरी कदी लग्नाच्या चौकाजवल पायात वाना घातल्या का रं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. महिनाभर मी मोबाइलवर तारा, पट्ट्या, पॉलिश, सगळं तपासत होतो आणि पायात काय असणार याचा विचारच केला नव्हता. मोबाइलवरचे ते सगळे गोरे लोक बूट घालूनच बसलेले असतात! मी अनवाणी पायाने पेडल दाबून पाहिलं. अरुंद पट्टी, कडेला धार, स्प्रिंग असली कडक की तळव्यात कळ गेली आणि अंगठा वळला. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. साहेब कसनुसे हसले. मोजे घालून बघतो म्हटलं, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पायच मागे घेतला.

बाहेर आल्यावर मला भयंकर राग आला. तिचा आला, माझा आला, त्या स्प्रिंगचा तर सगळ्यात जास्त. पालघरच्या वाटेवर उमरोळीपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तीही बोलली नाही, पण ती हल्ली तशीही बोलत नव्हती, त्यामुळे माझा रुसवा फुकटच गेला.

पालघरची गिटार ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांची. लाकूड तपकिरी, कोपरे उडालेले, दांड्यांना गंज, गुडघ्याची पट्टी एकच. बोईसरची बघून आल्यावर ती अगदीच गरिबाघरची दिसली. पण पेडलं रुंद होती. मास्तरांचा पाय घसरायचा म्हणून त्यांनी त्यांना सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळली होती. मी अनवाणी पाय ठेवला, तो बसला. दाबलं, आणि तार अलगद चढली.

मी आईचा हळदीचा धवला धरला. दोन ओळी होतात न होतात तोच तिने हात वर केला.

"तिला कशाला हलवतोस?"

"कोणाला?"

"जोडीदारनीला! ती बसलेलीच असते. मी वर चरते. परत कर."

माझी कांडी सरकत होती. मी हात घट्ट रोखला आणि नुसतं पेडल दाबलं. आईने मान हलवली. मग खाली बसूनच तिने मला ते चार वेळा करायला लावलं, हाताने लय दाखवत, मध्येच "हळू, हळू, मेल्या, गाडी सुटते का तुजी?" असं दटावत. किती दिवसांनी तिने मला असं झापलं असेल! इतका आनंद झाला मला. मास्तर चहा घेऊन आले आणि तसेच उभे राहिले.

मी म्हटलं, "आई, हीच घेऊ ना?"

"घे. पन मी नाय येनार." मग मी बसलो होतो त्या खुर्चीकडे बोट दाखवून, "आनि त्या खुर्चीचं काय? आमी बाया खाली आनि तू देवाच्या वर?"

खुर्चीशिवाय ती वाजतच नाही, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "मग कोपऱ्यात बस." मी तिथल्या तिथे व्यवहार केला. गंज काढायला फिटर घरचाच होता.

हळदीच्या दिवशी आई आली. भाचीने अबोला सोडून सरळ दम दिला होता, तू नाही तर हळद नाही. आली ती सगळ्या बायकांच्या मागे चटईच्या टोकाला बसली, पाहुणी असल्यासारखी. तिने सांगितल्याप्रमाणे मी कोपऱ्यात होतो. पहिला धवला वाजवला. बायकांना शब्द अर्धेमुर्धे येत होते, त्या चाचपडत गायल्या आणि तिसऱ्या ओळीला सगळ्याच अडकल्या. मीही अडकलो. आई मागून सांगत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते, पण ऐकू कोणालाच येत नव्हतं.

तेव्हा ती उठली. मांडवाच्या कडेची प्लास्टिकची खुर्ची तिने ओढत आणली, देवाला हात जोडले, आणि माझ्या शेजारी, सगळ्या बायकांच्या वर, चढून बसली. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या कानाशी तोंड आणून तिने ओळ सांगितली. मी ती मोठ्याने म्हटली आणि वाजवली, बायकांनी उचलली. मग पुढची. मग पुढची. हळद लागत होती आणि मांडव गात होता.

नवरीच्या नावाची ओळ आली. आईने नाव माझ्या कानात सांगितलं. ते मी म्हणायला हवं होतं, पण ते माझ्या तोंडून निघेना. मी तारांवर हात ठेवला आणि थांबलो. सगळा मांडव थांबला.

त्या शांततेत आईने नाव पुन्हा घेतलं, या वेळी माझ्या कानात नाही, समोर बघून. तीच फाटकी कुजबूज.

हळदीने पिवळी झालेली भाची पाटावरून म्हणाली, "आजी, आयकलं गो मी."

मी पेडल दाबलं. पुढची ओळ आईने सांगितली ती मला ऐकूच आली नाही, मी इतका रडत होतो. तिने ती दोनदा सांगितली.