सावळेराम कंट्रोलरचा सहाचा खेळ

सावळेराम गुंजाळांनी नोकरीभर एकच काम केलं. एसटी स्टँडवर काचेच्या खिडकीमागं बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. आवाज भारदस्त, उच्चार शुद्ध. घरी ‘न्हाई’ म्हणणारा हा माणूस माइकसमोर बसला की ‘नाही’ म्हणायचा. स्टँडवरच्या माणसांचा डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर जास्त भरवसा. नाशिकची गाडी समोर धुरळा उडवत उभी असली, तिच्यावर पाटी असली, तरी सावळेरामांनी पुकारल्याशिवाय कुणी चढत नसे. गावात त्यांना सगळे कंट्रोलर म्हणायचे आणि ते स्वतःही स्वतःला तसंच समजायचे.

निवृत्त होऊन ते आळे गावी आपल्या घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की इथं त्यांचं कुणी ऐकत नाही. नळाला पाणी आलं की ते ओसरीवर उभं राहून सांगायचे, “नळाला पाणी आले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.”

साळुबाई, त्यांची बायको, हंडा उचलत म्हणायची, “संबंधित म्हंजी मीच ना? मग नुसतं ‘अगं’ म्हणा की. सगळी आळी कशाला जागी करता?”

हे दिवस लोडशेडिंगचे. दोन हजार सात-आठ साल असेल. संध्याकाळी सातला लाइट जायची ती दहाला यायची आणि नेमकी साडेआठला मेहरचंद घराण्याची हिंदी मालिका लागायची. आळीतल्या बायकांना हे मेहरचंद स्वतःच्या भावकीपेक्षा जास्त ठाऊक होते. घराण्याचे दादाजी, त्यांचे दोन मुलगे, थोरल्याला सांगून आलेली गायत्री, सगळ्यांची खडानखडा माहिती. मालिका दुपारी पुन्हा दाखवायचे, पण दुपारी बायका कांद्यात नाहीतर टोमॅटोच्या वावरात. त्यामुळं मेहरचंदांच्या घरात काय घडलं ते आळेफाट्यावरून कुणीतरी ऐकून यायचं, त्याच्याकडून दुसरीला कळायचं, आणि आळीत पोहोचेपर्यंत लग्नाआधीच गायत्री एकाच दिवसात बाळंतही झालेली असायची आणि विधवाही.

साळुबाईनं मुलाला, अमृतला, फोनवर सांगितलं, “तू येवढ्या मोठ्या कंपनीत चाकणला हायेस, तुला एक मालिका धरून ठिवता येईना व्हय?”

अमृतला ते लागलं. पुढच्या रविवारी तो पिशवीत एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आला. कंपनीत जुना म्हणून काढलेला, भाकरीच्या डब्याएवढा. साळुबाईनं तो हातात घेऊन हलवून बघितला. “येवढ्याशात समदे मेहरचंद मावतील?”

जोडणीला जुन्नरहून शफीभाई आले. शफीभाईंचं पूर्वी कॅसेटचं दुकान होतं. ते केबलनं खाल्लं. मग ते केबलवाल्याकडं लागले, तर केबलला डिशची छत्री खायला लागली. तेव्हा पुढं आपल्याला कोण खाणार याची वाट न बघता शफीभाईंनी छत्र्याच विकायला घेतल्या. त्यांनी गच्चीवर छत्री बसवली, कॉम्प्युटरच्या डब्यात टीव्हीचं एक कार्ड घातलं, टीव्हीला वायर जोडली आणि समजावून सांगितलं, “भाऊ, बघा. छत्रीतनं मालिका येनार, ह्या डब्यात उतरनार. लाइट गेली तरी इन्व्हर्टर डब्याला पुरतो. मोठ्या टीव्हीला न्हाई पुरत. म्हणून रात्री डबा भरून घ्यायचा आन् दुसऱ्या दिवशी लाइट असताना टीव्हीवर बघायचं. शिनेमे, भजनं, लगनाच्या कॅसेटी, काय पन भरा. घरातच थेटर झालं तुमच्या.”

“म्हणजे वेळ आपण ठरवायची?” सावळेरामांनी विचारलं.

“तुमीच ठरवायची.”

हे ऐकून सावळेरामांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते साळुबाईनं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

वेळ ठरली. काल रात्रीचा भाग आज संध्याकाळी सहाला. बायका वावरातून आलेल्या असतात, चूल पेटायची असते, लाइट जायची असते. पहिल्या दिवशी शेजारची ठकूबाई आली, तिच्यामागून सगळी आळी आली. सावळेराम इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीशेजारी खुर्चीत बसले होते. खुर्चीचं तोंड बायकांकडं, पाठ टीव्हीकडं. एसटीत एवढी वर्षं ते असेच बसले होते. गाडीचं गाडी बघून घेईल, लक्ष ठेवायचं ते प्रवाशांवर.

“नमस्कार,” ते म्हणाले. “मेहरचंद परिवाराचा कालचा भाग थोड्याच वेळात सुरू होत आहे. चपला बाहेर एका ओळीत काढाव्यात. भाग सुरू असताना कोणीही प्रश्न विचारू नयेत.”

“भावजी, कापूस घालू का कानात?” ठकूबाईनं विचारलं. “ऐकू येतंय आमाला.”

पण आल्या, बसल्या, आणि दुसऱ्या दिवशीही आल्या. हळूहळू सावळेरामांचा खेळ जमला. नियमही वाढले. लवकर येणाऱ्यांनी पुढं बसायचं. लेकरू रडलं तर ओसरीवर. जाहिराती पुढं पळवता यायच्या, पण ते पळवायचे नाहीत. जाहिरात लागली की म्हणायचे, “गाडी... भाग दहा मिनिटे थांबेल. चहापाणी उरकून घ्यावे.” चहा साळुबाईला करावा लागायचा. तीन रिमोट होते, टीव्हीचा, छत्रीचा आणि डब्याचा. तिन्ही ते सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. वावरात जाताना, दाढीला जाताना, एकदा तर शेजारगावी बोरीला दहाव्याला जातानासुद्धा तिन्ही खिशात. कीर्तनकार महाराज मृत्यूवर बोलत होते आणि त्यांच्या पुढ्यातच सावळेरामांच्या खिशातून रिमोट डोकावत होते.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. दिवाळीच्या आधी मेहरचंदांचे दादाजी वारले. आळीत त्या दिवशी बऱ्याच घरी भाकरी करपली. पुढं घराची वाटणी निघाली, खटला कोर्टात गेला, धाकट्या सुनेनं घरची गिरणी जाळली, गायत्रीला नवऱ्यानं टाकलं. बायका सहाला यायच्या त्या जड पावलांनी आणि सातला जायच्या त्याहून जड.

आणि मग एक दिवस दादाजी खुर्चीत बसून पेपर वाचताना दिसले.

बायका नीट बघायला पुढं सरकल्या. प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियमच होता. दुसऱ्या दिवशी दादाजी गच्चीवर पतंग उडवत होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचा हार घातलेला फोटो भिंतीवर. चौथ्या दिवशी गायत्रीचं लग्न लागत होतं, तेही ज्यानं तिला टाकलं त्याच्याशीच. सावळेराम रोज घोषणा करत होते, “कालचा भाग सुरू होत आहे,” आणि रोज टीव्हीकडं पाठ करून बायका ओळीत बसल्यात का ते पाहत होते.

असे कितीतरी दिवस गेले. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला शफीभाई आले आणि चहाच्या मिषानं खेळाला बसले. थोडा वेळ बघितल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

“भाऊ, हा म्हातारा तर मेला ना?”

“शूऽऽ,” बायका म्हणाल्या.

“अरे, मेला म्हंजे! आमच्या घरवालीनं, सितारानं, दोन वेळ जेवन केलं न्हवतं त्याच्यापायी. हा चार महिने जुना भाग हाय!”

सावळेरामांनी तेव्हा कुठं मान वळवून टीव्ही बघितला. दादाजी आंबा चोखत होते.

शफीभाईंनी तिथल्या तिथं डबा उघडला. आतल्या घड्याळाचा सेल संपला होता. इन्व्हर्टर पार उतरला की डब्याला आजची तारीख आठवत नसे. नवा भाग भलत्याच तारखेचा शिक्का घेऊन जुन्यांच्या गर्दीत शिरायचा, आणि सावळेराम ‘पुढचा’ म्हणून बटण दाबायचे तेव्हा भलताच जुना लागायचा.

सावळेराम घामाघूम झाले. त्यांच्या आयुष्यात नगरची गाडी पुण्याची म्हणून एकदाही पुकारली गेली नव्हती. “तुम्हाला कुणालाच कळलं नाही?” त्यांनी बायकांना विचारलं.

“मला वाटलं, त्यांचा जुळा भाऊ आला,” एक म्हणाली.

“मी म्हनलं, सपान बघत आसंल गायत्री. ती लई सपनं बघते.”

“मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं,” ठकूबाई म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले आस्ते तर तुमी ‘बिघाड झाला आहे’ म्हनून खेळ बंद क्येला आस्ता. हितं घटकाभर पाय लांब करून बसाया मिळतं, त्येबी ग्येलं आस्तं.”

तो खेळ सावळेरामांनी बंदच केला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर उभं राहून त्यांनी माइकच्या आवाजात जाहीर केलं की झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी आहे, भागांचा क्रम नीट लावेपर्यंत सेवा रद्द राहील. घोषणा ऐकून झाल्यावर बायका शांतपणे आत शिरल्या आणि रोजच्या जागी बसल्या.

“सेवा रद्द आहे,” सावळेराम म्हणाले.

“आसू द्या की. आमी बसतो.”

मग साळुबाईनं तोंड उघडलं. “अवो, क्रम कशापायी लावता? त्यो म्हातारा जित्ता व्हता तवाच बरं चाललं व्हतं. त्यो मेला आन् समदं घर नासलं.”

“तेच म्हनते मी,” ठकूबाई पुढं सरकली. “भावजी, सरळ लावली तर रोज काय ना काय मोडतंय. आज वाटनी, उद्या आग. तुमी उलटी लावा. आजचा भाग आज, उद्या त्याच्या आदल्या दिवसाचा, परवा त्याच्या आदल्या. रोज काय तरी जुळंल.”

“मागून पुढं?” सावळेरामांना आधी ती थट्टाच वाटली. “अगं, असं कोणी बघतं का? गोष्टीला काही दिशा असते!”

“तुमच्या गाड्या जात्यात तशा येत न्हाईत व्हय माघारी?”

सावळेरामांनी शफीभाईंना पुन्हा बोलावून घेतलं. शफीभाईंनी नवा सेल घातला, भाग ओळीनं लावले आणि हसत हसत जुन्नरला निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून मालिका उलटी सुरू झाली.

घोषणा कशी करायची याचीच पहिली पंचाईत. “उद्याचा... म्हणजे कालच्या आधीचा... म्हणजे परवा जो झाला होता तो भाग,” असं करत ते अडखळायचे, आणि शेवटी नुसतं “लावतो” एवढंच म्हणायला लागले. दुसरी पंचाईत खुर्चीची. बरोबर भाग लागला का ते बघावं लागत होतं, म्हणून ती टीव्हीकडं फिरवावी लागली. आणि एकदा फिरवल्यावर काय सांगावं, मेहरचंदांच्या घरी खरंच बरं दिसत होतं.

जळालेली गिरणी पुन्हा उभी राहिली. कोर्टातला खटला मागं घेतल्यासारखा नाहीसा झाला. नवऱ्यानं टाकलेली गायत्री आधी भांडत, मग रुसत, मग हसत त्याच्याच घरात नांदायला लागली. धाकटी सून दिवसेंदिवस सुधारत गेली. विष कालवणारी ती बाई आधी नुसती चहाडखोर झाली, मग नुसती फटकळ, आणि शेवटी डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांच्या पाया पडणारी नवी नवरी झाली. “शेवटी सुधारली बया,” एकजण म्हणाली, आणि तिला कुणी दुरुस्त केलं नाही.

दादाजी ज्या दिवशी भिंतीवरच्या हारातून खाटेवर उतरले आणि उठून बसले, त्या दिवशी ठकूबाईचा नवरा भिमाजी भाकरीसाठी तिला हाक मारायला आला होता. तो दारातच उभा राहिला. जरा वेळानं चौकटीला टेकला. मग चपला बाहेर काढून आत आला. सावळेराम डोळे पुसत होते.

“काय झालं, कंट्रोलर?”

“इन्व्हर्टरची वाफ लागते डोळ्यांना,” सावळेराम म्हणाले.

“लाइट हाय की. इन्व्हर्टर बंद हाय.”

“तरी लागते.”

भिमाजीनंही मग थोडी वाफ लावून घेतली.

रात्रीचा नवा भाग डब्यात भरणं सावळेरामांनी केव्हाच बंद केलं होतं. आळीतल्या कुणीही तो मागितला नाही. आळेफाट्यावर मालिकेची चर्चा निघाली की बायका कानांवर हात ठेवायच्या. “आमाला सांगू नका. आमी पार मागं आलोय.”

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला डब्यातला सगळ्यात जुना, म्हणजे सावळेरामांनी भरलेला पहिला भाग आला. त्या दिवशी साळुबाईनं शिरा केला. बायका ठेवणीतली लुगडी, बऱ्या साड्या नेसून आल्या. भागात मेहरचंदांनी नवा बंगला बांधला होता आणि वास्तुशांत चालली होती. दादाजी पूजेला बसले होते, दोन्ही मुलगे आजूबाजूला, सुना अजून घरात यायच्या होत्या. कुणी कुणाशी भांडलं नाही. भाग संपला, टीव्ही निळा झाला.

“संपली एकदाची,” साळुबाई म्हणाली.

“चांगली संपली,” ठकूबाई म्हणाली, आणि सगळ्याजणी शिऱ्याकडं वळल्या. सावळेरामांनी खिशातून तिन्ही रिमोट काढून टीव्हीवर ठेवले आणि शिऱ्याची दुसरी वाटी मागून घेतली.

पुढं बरेच दिवस त्या डब्यावर भजनं आणि आळीतल्या लग्नांच्या कॅसेटी चालल्या. खरी मालिका तिकडं वाहिनीवर सुरूच होती. ती केव्हा संपली हे आळीत कुणाला कळलंही नाही. ते सांगितलं ठकूबाईच्या नणंदेनं. ती निमगाव सावाहून पाहुणी आली होती आणि सहाच्या सुमाराला सगळ्यांबरोबर सावळेरामांच्या ओसरीवर टेकली होती.

“बाई बाई, काय तो शेवट,” ती हळहळली. “बंगला इकला. गायत्री परदेशात निघून ग्येली. दोगं भाऊ कोर्टाच्या पायरीवर मारामारी करून म्येले. घरात दिवा लावायला कोन राह्यलं न्हाई.”

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. सावळेराम अस्वस्थ होऊन खुर्चीत हलले.

ठकूबाईनं मात्र शेंगा फोडायच्या थांबवल्यासुद्धा नाहीत. “तुमच्याकडं तसं झालं आसंल, वन्सं,” ती म्हणाली. “आमच्याकडं समदी मान्सं जित्ती हायेत.”