प्रभूच्या नावावर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आमच्या चर्चच्या पाळकांजवळ नाही. प्रार्थनेला गुडघे टेकते तेव्हासुद्धा — खरं सांगू? — या गोष्टीला वळसा घालूनच पुढे जाते.

अलिबागमध्ये कॉलेजच्या ख्रिस्ती मुलामुलींबरोबर मी बरीच वर्षं काम करते. आठवड्यातून एकदा बायबल अभ्यास, गाणी, प्रार्थना, आणि मग चहाबरोबर त्यांची दुखणी — घरची भांडणं, राहिलेले विषय, कुणावर तरी बसलेलं मन. मी मूळची नगरकडची. इथे आले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. सुरुवातीला माझ्या खोलीत दोन-तीन मुलं यायची, तीही बहुधा बटाटवड्यासाठी.

मग एस्तेर आली. आगरदांड्याची, वडील जेट्टीवर कामाला. गळा असा, की पहिल्याच गाण्याला बाकीची गप्प झाली. हॉस्टेलच्या मुलींना तीच ओढून आणायची, रुसलेल्यांची समजूत तीच काढायची. बघता बघता खोलीत बसायला जागा पुरेना. सगळे म्हणायचे, ताईंचं काम वाढलं. माझं? मी ऐकून घ्यायचे.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असतानाच तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला — घाटावर, एका मिशन हॉस्पिटलात. लहानपणापासून तिला तेच व्हायचं होतं. तरी ती माझ्याकडे आली.

"ताई, घरचे जा म्हणतात. पण मला प्रभूची इच्छा कळत नाही. तुम्ही प्रार्थना करून सांगाल?"

मी हो म्हटलं. प्रार्थना केली का? केली — पण कसली? डोळे मिटले की रिकामी खोली दिसायची. ती गेली तर गाणार कोण, मुलींना आणणार कोण? मला इथे पाठवणाऱ्या संस्थेचे वडीलधारे काम बघायला येणार होते, त्यांना मी काय दाखवणार? आणि संध्याकाळी माझ्याशी बोलत कोण बसणार? हेही होतं.

पुढच्या भेटीत मी तिला समोर बसवलं, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "प्रभूनं माझ्या मनात घातलंय, एस्तेर. तू इथेच राहावंस."

प्रभूनं काही घातलं नव्हतं. बोलले ती मी.

ती रडली, पण वाद घातला नाही. माझ्याशी घातला असता — प्रभूशी कसा घालणार? तिची आई मात्र मला भेटायला आली. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, पोरीला जाऊ द्या. देवाला ती तिकडं दिसायची न्हाय का?" मी तिला आत बसवलं, चहा दिला आणि तिच्यासाठी प्रार्थना केली — मोठ्यानं. त्यानंतर ती बिचारी काय बोलणार?

एस्तेर राहिली. पदवी घेतली, मुरुडला औषधांच्या दुकानात लागली, लग्न झालं, मुलगी झाली. सुखात आहे, असं मी स्वतःला सांगते. असेलही.

गेल्या हिवाळ्यात चौलच्या एका वाडीत मुलांचं शिबिर होतं. एस्तेर साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, उभी राहिली. म्हणाली, "मला नर्स व्हायचं होतं. प्रभूनं ताईंच्या तोंडून मला थांबवलं. अजूनही नर्सच्या कपड्यातली कुणी दिसली, की मी वळून बघते. पण त्याची इच्छा होती, म्हणून मनात राग नाही."

मुलांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

नंतर एक मुलगी माझ्याजवळ आली. तिला पुण्याला नोकरी लागत होती. "ताई, माझ्यासाठी पण विचाराल प्रभूला?" मी म्हणाले, मला नाही गं सांगता येणार, तूच ठरव. ती हिरमुसली.

एस्तेर शेजारीच होती. तिनं त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "ताईंना थोडा वेळ दे. प्रार्थना केल्याशिवाय त्या कुणाला काही सांगत नाहीत."

मग ती माझ्याकडे बघून हसली. आणि मी — मी मान डोलावली.