मावशींचा द्रोण का बुडाला

काल सकाळी गंगाखेडच्या घाटावर होते. पालमहून एसटीनं, शेजारच्या शांतामावशींना घेऊन. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्याला वर्ष झालं, म्हणून त्यांना गंगेत दिवा सोडायचा होता... आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

कणकेचे दिवे त्यांनी घरूनच करून आणले होते. पळसाच्या पानाचा द्रोण घेतला, त्यात दिवा ठेवला. मग पिशवीतून निघालं पान, सुपारी, तंबाखूची पुडी आणि वर काकांची चुन्याची डबी, पितळी चुनाळं! अहो, द्रोण केवढा, चुनाळं केवढं... पण अशा वेळी मध्ये तोंड घालायचं तरी कसं?

सोडल्या सोडल्या द्रोण कलंडला आणि गडप. पान तेवढं वर राहिलं.

मावशी पायरीवर मटकन बसल्या. "रुसलेत गं ते. शेवटी शेवटी तंबाखू मागायलते... डॉक्टर नको म्हणले म्हणून मी दिली न्हाई. आता माझ्या हातचं घेईनात."

वर्षभर ही बाई हे मनात घेऊन जगत होती आणि मी रोज भिंतीपलीकडून चहाला हाका मारत होते. काही म्हणजे काही कळलं नाही मला.

मी सातवीला विज्ञान शिकवते. म्हटलं, आता नाही तर कधी! साडी खोचली, पाण्यात हात घालून चुनाळं काढलं. माझा जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा केला, पाण्यावर ठेवला आणि त्यात चुनाळं टाकलं. डबा जरासा खाली बसला... आणि झोकात तरंगला.

"बघा मावशी, जेवढं पाणी बाजूला सरतं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकंच ओझं पाणी उचलून धरतं. द्रोण होता एवढासा, त्याला हे ओझं झेपलं नाही. डबा मोठा, त्याला झेपलं. यात काकांचा काय संबंध?"

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. पटलं नाही, ते चेहऱ्यावर दिसतच होतं.

मग दुसरा द्रोण घेतला. यात नुसता दिवा ठेवायचा, बाकी काही नाही, असं मी बजावलं. मावशींनी तो पाण्यावर सोडला. द्रोणानं एक गिरकी घेतली, थबकला... आणि निघाला की! हळूहळू मधल्या धारेला लागला.

मावशी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसत चक्क हसल्या.

"बघ गं... तंबाखूबिगर गेले. रुसले न्हाईत."

वर्गात कुणी असं कारण दिलं असतं तर मी लाल पेन काढलं असतं. काल मात्र पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.