कांजिण्यांवरचा मेकअप

माझं शिवणाचं दुकान आणि तिचं पार्लर समोरासमोर. मधली गल्ली एवढीशी, की तिच्याकडे कुणी शिंकलं तर मला ऐकू येतं. तिला सगळे ताई म्हणतात, वयाने मोठ्या बायकासुद्धा. भुवया, केस हे तिचं पोटापुरतं काम. खरा धंदा नवरी सजवण्याचा. त्यातही तिचं नाव झालं ते डागांमुळे. मुरमं, भाजल्याचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, काहीही घेऊन या, ताई नाहीसं करून दाखवणार. चेहऱ्याला रंग लावून झाला की ती तो करंगळीने हनुवटीखालून मानेवर असा पसरवते, की कुठे संपला ते शोधून सापडत नाही. "चेहरा काय कुणीही रंगवतं," ती म्हणायची, "कडेला हात फिरवता आला पाहिजे." हे म्हणताना तिची मान इतकी ताठ व्हायची, की मी मुद्दाम म्हणायचे, "हो गं बाई, उद्या चंद्राचेही डाग घालवशील तू!"

या धंद्यापायी तिच्या घरची सहल मात्र दरवर्षी बोंबलायची. नवरा शाळेची व्हॅन चालवतो. सुट्टी लागली की तो मोकळा, आणि नेमका तेव्हाच लग्नांचा हंगाम. समुद्रावर जायचं ठरायचं, बॅगा माळ्यावरून खाली यायच्या आणि कुठल्यातरी नवरीचा फोन यायचा. पहिलीतली लेक, जिला सगळे भिंगरी म्हणतात कारण ती एका जागी ठरतच नाही, तिने अजून समुद्र पाहिला नव्हता. यंदा ताईने सगळ्यांसमोर शब्द दिला. धाकटा भाऊ आणि भावजय हेही व्हॅनमधून बरोबर येणार होते. भावजयीला बऱ्याच वर्षांनी, किती दवाखाने पालथे घातल्यावर दिवस राहिले होते. बाळ झाल्यावर कुठलं आलंय फिरणं, म्हणून आत्ताच जाऊन यायचं होतं. "ताई, या खेपेला बेत मोडलास ना," भाऊ हसत म्हणाला होता, "तर तुला घरी ठेवून आम्ही जाऊ." बाकीचे हसले. तिला ते लागलं.

निघायच्या दिवशी सकाळी भिंगरीला आंघोळ घालताना पाठीवर पुरळ दिसलं. घामोळं असेल, असं ताईने स्वतःला सांगितलं. मग कानामागे एक फोड दिसला, गालावर दोन, आणि त्यांत पाणी. कांजिण्या ओळखायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही. नवऱ्याच्या व्हॅनमधली निम्मी पोरं सुट्टी लागण्याआधी त्याच पायी घरी बसली होती. अंगही कोमट लागत होतं. नवरा खाली गाडीत सामान लावत होता आणि भाऊ-भावजय वाटेत चढणार होते.

मला हे सांगताना ती इथे थांबली. माझ्या दुकानातल्या बाकावर बसून ती माझी कात्री उघडबंद करत होती. शेवटी मीच ती तिच्या हातातून काढून घेतली.

तिने कामाची पेटी उघडली. भिंगरीला न्हाणीघरातल्या स्टुलावर बसवलं.

"मला नवरी करणार?" भिंगरी खूश झाली.

"हो. पण हे आपलं गुपित. कुणाला सांगायचं नाही. बाबांना नाही, मामीला तर अजिबात नाही. सांगितलंस तर समुद्र रद्द."

भिंगरीने ओठ मिटून मान डोलावली. ताईने एकेका फोडावर अलगद रंग टेकवला, करंगळीने पसरवला, कडेला हात फिरवला. पोरीचा चेहरा पुन्हा गुळगुळीत दिसायला लागला. लांब बाह्यांचा सदरा घातला की झालं. भिंगरीला मागच्या सीटवर आपल्याजवळ ठेवू, काचा उघड्या ठेवू, भावजय पुढे बसेल, असा सगळा हिशोब तिने मनात मांडला. पोटुशी बाई गाडीत असणार हे तिच्या डोक्यातच आलं नाही, असं मुळीच नाही. आलं होतं. तिने त्यावरही हात फिरवला, दुसरं काय!

पण भिंगरी कधी एका जागी बसली आहे? शहर मागे पडतंय तोवर ती मधल्या फटीतून पुढे सरकली आणि मामीला बिलगली. ताईने दोनतीनदा हाक मारली. "असू द्या हो ताई," भावजय म्हणाली, "मलाही सवय होऊ दे." भिंगरी मामीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. ऊन चढत गेलं. ताई मागून पोरीच्या मानेवर जमणारा घाम बघत राहिली.

पेट्रोल पंपावर गाडी थांबली. भावजयीने रुमाल ओला केला आणि झोपलेल्या पोरीचा घामेजलेला गाल पुसला. रुमालाला रंग आला. तिच्या स्वतःच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावरही तसाच डाग पडला होता. तिने पोरीचा चेहरा आपल्याकडे वळवला, आणि गालावरचे लाल फोड सगळ्यांना दिसले.

"ताई, हे काय आहे?"

"अगं... मला काय माहीत?" ताई म्हणाली. "घामोळं असेल."

"घामोळं?" नवरा इकडे वाकून बघत ओरडला. "अगं, या कांजिण्या आहेत! आणि हा रंग कुणी फासला?"

भिंगरी जागी झाली होती. तिने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी लावला. आईच्या पेटीतून. माझा मीच."

नवऱ्याचा पारा चढला. मामीच्या पोटात बाळ आहे, कळत नाही का, एवढी मोठी झालीस आणि अक्कल कुठे गहाण टाकलीस, जे तोंडाला येईल ते तो पोरीला बोलला. भिंगरी मान खाली घालून ऐकत राहिली. ताईने तिथे तोंड उघडायला हवं होतं. तिने नाही उघडलं. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसली, आणि ते झाकण केव्हाच लागलेलं होतं.

गाडी उलटी फिरली आणि थेट दवाखान्यात गेली. डॉक्टरीण बाईंनी भावजयीला विचारलं, लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात का? होऊन गेल्या असतील तर फारशी काळजी नाही. नसतील तर तिलाही जपावं लागेल आणि बाळालाही. भावजय म्हणाली, "आठवत नाही. आई असती तर विचारलं असतं." रक्त दिलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. भाऊ बायकोचा हात धरून रिक्षाने घरी गेला.

त्याच संध्याकाळी ताई माझ्या बाकावर येऊन बसली आणि तिने हे सगळं सांगितलं. "लाज वाटते गं," ती म्हणाली. "पोरगी घरात खाजवत पडलीय, आणि बाप अजून तिच्याशी धड बोलत नाही. मला तिच्याकडे बघवत नाही." तिला वाटलं असेल, मी पाठीवरून हात फिरवीन. मी कशाला फिरवू? मी म्हटलं, "मला सांगून काय उपयोग? मी काय तुझी भावजय आहे? तुझ्या गर्भारशी भावजयीच्या मांडीवर कांजिण्या बसवल्यास, पोरीला खोटं बोलायला शिकवलंस, आणि वर ओरडाही तिलाच खायला लावलास!" ती उठून गेली. तिला हाक मारावी असं मला वाटलं, पण मी मारली नाही.

पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं.

रिपोर्ट चांगला आला. भावजयीला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या, धोका नव्हता. ती बातमी सांगायला भाऊ आणि भावजय दोघंही ताईच्या घरी आले. नवऱ्याने हुश्श केलं. अंगभर औषध थापलेली भिंगरी कोपऱ्यात बसली होती. आता सगळ्यांना हसायचंच होतं. "काय पण पोरगी!" भाऊ म्हणाला. "पुरी थाप मारली आपल्याला! ताई, तुझं पार्लर हीच चालवणार बघ. आम्हाला तर काहीच कळलं नाही." नवराही हसला आणि म्हणाला, "छोट्या पार्लरवाल्या बाई, आमच्यासुद्धा सुरकुत्या झाका."

भिंगरी हसली नाही. ती आईकडे बघत होती.

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. काही बिघडलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. म्हणूनच ताईला ते सोसेना. "तिने नाही लावला," ती म्हणाली. "मी लावला. मला निघण्याआधीच कळलं होतं."

हसू जागच्या जागी विरलं. भाऊ उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

भावजय मात्र तशीच बसून होती. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नात मानेवरचा भाजल्याचा डाग तुम्हीच झाकलात ना? भिंगरीचा गाल पुसताना हनुवटीखाली रंग कुठे संपला ते मला सापडेना. पहिलीतल्या पोरीचा हात असा फिरत नाही, ताई."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मी बोलायला हवं होतं, की तुम्ही?"

तेवढ्यात भिंगरी रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, अंगाची आग होत असेल. पण तिचं दुखणं वेगळं होतं.

"मी कुणालाच नाही सांगितलं, आई," ती हुंदके देत म्हणाली. "आणि आज तू सांगून टाकलंस. मग बाबा मला ओरडत होते, तेव्हा का नाही सांगितलंस?"

ताईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. भिंगरीने ते हात बाजूला सारले, आणि औषधाने पांढरी झालेली ती पोर मामीच्या मांडीवर जाऊन बसली.