पतंगवाल्याच्या हाती विमान

चहा घ्या, बिस्किट घ्या, पण माझ्यासमोर विमानाचं नाव काढू नका. दमलोय हो मी! आणि हा सगळा ताप मी स्वतःच्या शहाणपणानं ओढवून घेतलाय. ऐका.

हिचा धाकटा भाऊ सुहास, नायगावला राहतो. रिमोटवर उडणारं एक लाकडी विमान त्यानं वर्षभर खपून बनवलं. पुढच्या रविवारी अशीच विमानं उडवणाऱ्या त्याच्या क्लबातल्या मंडळींना ते उडवून दाखवायचं होतं. त्याआधी चाचणी घ्यायला तो पनवेलच्या पुढे माळावर निघाला, तर मीही निघालो. का? तर लालबागला आमच्या चाळीच्या गच्चीवर संक्रांतीला माझा पतंग कापणारा कुणी जन्माला आला नव्हता! म्हणजे, केस काळे होते तेव्हा.

माळावर सुहासनं माझी शाळाच घेतली.

"भावोजी, ही डावी काठी थ्रॉटल, इंजिनाचा जोर. उजवी मागे खेचली की शेपटीवरची हलती पट्टी, एलिव्हेटर, उचलली जाते, नाक वर. पुढे ढकलली की नाक खाली. नाक फारच वर गेलं तर वेग मरतो आणि विमान पडायला लागतं. त्याला म्हणायचं स्टॉल. तेव्हा काठी पुढे ढकलायची."

"पडतंय त्याला आणखी खाली ढकलायचं?"

"हो. वेग आला की सावरतं ते."

"अरे जा, मला वारा शिकवतोस?"

सुहासनं विमान चांगलं उंच नेलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. काय डौल होता! मी नाक जरा वर केलं. मग आणखी जरा. विमान थबकलं आणि डगमगायला लागलं.

"स्टॉल होतंय! पुढे ढकला!"

आता तुम्हीच सांगा, पतंग खाली यायला लागला की लालबागचा माणूस काय करतो? खेचतो! हात आधी मागे येतो, डोकं नंतर पोचतं.

"भावोजी, खेचू नका!"

मी तर काठी खेचून धरून उलटा चालायला लागलो, गच्चीवर मांजा आवरताना चालायचो तसा. विमान नाकावर आपटलं. पार भुगा!

सुहास खाली बसला. एकेक तुकडा वेचत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी बिचारा क्लबात रिकाम्या हातानं गेला.

भरपाई म्हणून मी आता दर रविवारी त्याच्याबरोबर माळावर जातो; क्लबातली मंडळी तिथं आपापली विमानं उडवतात. रिमोटला कुणी हात लावू देत नाही. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून मला माळाच्या टोकाला, भर उन्हात, रुमाल धरून उभा करतात. गुडघे बोंबलतात, पण उभा राहतो.

परवा सुहास लांबून ओरडला, "अहो भावोजी, दोन्ही हातांनी काय खेचून धरलाय? निदान रुमाल तरी उडू द्या!"